पंचमीला निघा

समुद्राचे नकाशे देहरादूनला तयार होतात, हिमालयाच्या पायथ्याशी. लाटांचा अंदाज हैदराबादहून निघतो, आणि तिथे पाणी आहे ते हुसेनसागराचं. मग मुंबई-गोव्याच्या वाटेवरचा सल्ला औंढा नागनाथ तालुक्यातून आला, तर जावईबापूंनी मिशीत हसायचं कारण नाही. पोरी, तू फोनवर म्हणालीस, "काका, आम्ही दोघंच होडी घेऊन गोव्याला चाललोय, डिसेंबरात." ते ऐकून तुझ्या काकूनं हातातलं सूप खाली ठेवलं. मी म्हटलं, फोनवर नको, लिहून पाठवतो. फोनवरचं तुम्ही ऐकता आणि विसरता. कागद कसा, होडीत डब्यात पडून राहतो.

आमचं गाव दोन धरणांच्या मधलं. वर येलदरी, ते परभणी जिल्ह्यात, खाली सिद्धेश्वर, ते आपल्याकडे, मधे पूर्णा. येलदरीचं वीजघर सुरू झालं की आमच्याकडे पाणी काठावर चढायचं, बंद झालं की उतरायचं. भरती-ओहोटी मी समुद्र बघायच्या आधी अशी बघितली, फक्त तिचं पंचांग वीज मंडळाकडे होतं. पुढे पंधरा वर्षं नौदलात गेली. सुटल्यावर दहा-बारा वर्षं मुंबईतल्या हौशी मालकांच्या शिडाच्या होड्या गोव्याला पोचवल्या आणि परत आणल्या. किती फेऱ्या झाल्या ते आता आठवत नाही. चुका आठवतात.

पण आधी सिद्धेश्वरच्या जलाशयावरचं एक जोडपं सांगतो. भोई होते, आमच्या मागच्या आळीत राहायचे. पहाटे ती वल्ह्यावर, तो जाळ्यावर. बोलायचं नाही, मासा बिथरतो. जाळं ओढताना तो टाचेनं फळीवर एकदा ठोकायचा, की ती वल्ही पाण्यात धरून नाव थांबवायची. दोनदा ठोकलं की एका वल्ह्यानं मागे पाणी मारून नाव फिरवायची. तीनदा म्हणजे घरी. हा तीनचा ठोका दोघांपैकी कोणीही द्यावा, आणि दिला की दुसऱ्यानं 'का' म्हणून विचारू नये. काठाला लागल्यावर मग हवं तेवढं भांडावं. भांडायचेही, सगळी आळी ऐकायची. समुद्रावर जोडप्यांचे जे प्रवास बिघडताना मी पाहिले, ते बहुतेक या तिसऱ्या ठोक्यावाचून बिघडले. एकाच्या मनात परत फिरावं असं होतं आणि दुसऱ्याची रजा संपत आली होती. तेव्हा मुंबई सोडायच्या आधी तुमचा तिसरा ठोका ठरवून घ्या. ज्याला भीती वाटली त्याचं ऐकायचं, मग भीती खरी निघो की खोटी.

आता मुख्य गोष्ट. तू विचारलंस, किती वाजता निघावं? हा प्रश्न शेपटाकडून धरलेला आहे. आधी विचारायचं, पुढच्या खाडीत किती वाजता शिरायचं. तिथून घड्याळ उलटं मोजत आलं की निघायची वेळ आपोआप हाती येते.

तुम्ही फुकेतला भाड्याच्या होडीवर शिकलात. तिथे मरीना असतात, फोन केला की दोर झेलायला पोरगं धक्क्यावर उभं. आपल्याकडे तशी जागा हवी तर कोचीला बोलगट्टी बेटावर जावं लागतं. कोकणात रात्र काढायची ती नांगरावर, खाडीच्या पोटात. आणि जवळपास प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. पावसाळ्यात नदी गाळ आणते, लाट तो परत आत ढकलते, दोघींच्या ओढाताणीत वाळू तोंडाशी बसते. दर पावसाळ्यानंतर दांडा थोडा सरकलेला असतो. म्हणून कोणी दोन वर्षांपूर्वीची फोनमधली रेघ दिली तर तिच्यावर डोळे मिटून जाऊ नका. उजेडात शिरा, आणि भरती चढत असताना शिरा. चढत्या पाण्यात होडी टेकली तर दहा मिनिटांत पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात टेकली तर काय होतं, ते मी बाणकोटला पाहिलंय.

सावित्रीच्या तोंडाशी दुपारी साडेतीनला पोचायचं ठरलं होतं. सकाळी मालकाच्या चहात आणि गप्पांत दोन-अडीच तास गेले, मीही त्यांना उठवलं नाही. दांड्यापाशी आलो तेव्हा सूर्य बुडत होता आणि ओहोटी लागून दोन तास झाले होते. मला वाटलं, निघून जाऊ. आधी तळाला नुसता स्पर्श झाला, रेतीत बैलगाडीचं चाक किंचित जड व्हावं तसा. मी सुकाणू वळवेपर्यंत होडी थांबली. मग पाणी तिच्या खालून निघून जात राहिलं आणि ती हळूहळू कुशीवर पडली. आठ वाजता भांडी एका बाजूला गोळा झाली होती आणि आम्ही होडीच्या भिंतीवर बसलो होतो. चुलीवरचं पिठलं कुठे गेलं ते दुसऱ्या दिवशी दिसलं. लाट नव्हती म्हणून होडी वाचली. रात्री दोनच्या सुमाराला भरतीनं आम्हाला उभं केलं. चूक सगळी माझी.

भरती कधी, हे काढायची कोकणातली जुनी युक्ती आपल्या घरातल्या पंचांगावर चालते. तिथीला पाऊण पटीनं गुणा. जो आकडा येईल त्या वाजता मुंबईकडे अदमासे पूर्ण भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा, सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतरानं. मधोमध ओहोटी पुरी होते. दक्षिणेला जाल तशी भरती मुंबईच्या थोडी आधी येते. हा झाला अंदाज. खरा आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातूनच घ्या. युक्तीचा उपयोग एवढाच, की तक्ता वाचताना ओळ चुकली तर लगेच खटकतं. मी एकदा नोव्हेंबरचा रकाना डिसेंबरात वाचत होतो; पंचांगानं पकडलं.

आता हा हिशेब तुमच्या प्रवासाला लावा. पंचमीला भरती पहाटे चारच्या आत आणि पुन्हा दुपारी चारच्या आसपास. म्हणजे सकाळी निघताना ओहोटी तुम्हाला बाहेर काढते, आणि दुपारी दोन ते चार पुढच्या खाडीत चढती भरती आत घेते. दोन्ही टोकांना पाणी तुमच्या बाजूनं. पौर्णिमा-अमावास्येला नेमकं उलट: दुपारभर ओहोटी, तीही उधाणाची. खाडीतलं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून दुपारचा वारा लाट आणतो, आणि दांड्यावर लाट उभी राहून फुटते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी ४ ते ४.५ मीटर चढतं-उतरतं. गोव्यात ते २ मीटरच्या आसपास येतं. म्हणून कठीण तोंडं उत्तरेला, पहिल्या तीन-चार दिवसांत लागतात, आणि तेच दिवस पंचमी ते अष्टमीचे असू द्या. त्यातही शुद्ध पंचमी बरी. संध्याकाळी डोक्यावर चंद्र असतो आणि रोज वाढत जातो. नांगर सरकतोय का हे काठावरच्या झाडाकडे बघून कळतं. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी धरा. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी, तेव्हा भरीत-रोडग्याचं काय करायचं ते काकूला विचारा.

वाऱ्याचंही असंच वेळापत्रक आहे. डिसेंबरात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. काठाला धरून गेलात तर पाणी तव्यासारखं सपाट आणि होडी पळते. दहाच्या सुमाराला तो पडतो. मग तास-दोन तास काहीच नसतं, शीड ओल्या धोतरासारखं फडफडत राहतं. बहुतेक जोडपी इथे भांडतात. 'आपण शिडाची माणसं' हा अभिमान बाजूला ठेवून इंजिन लावा. दुपारी वायव्येचा वारा धरतो, दहा-पंधरा नॉटचा, आणि दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो. पाठीचा वारा गोड वाटतो पण कपटी असतो. होडी जरा वळली की शिडाखालची आडवी काठी एका बाजूची दुसऱ्या बाजूला सपकन येते, आणि मधे जे डोकं असेल ते तिचं. ती काठी पुढच्या बाजूला दोरानं बांधून ठेवा, आणि जावईबापू उंच आहेत, त्यांना जास्त वेळा सांग. शीड कधी आखडायचं याचं माझं माप साधं होतं: टेबलावर ठेवलेला चहाचा कप आपण होऊन सरकला, की आखडायचं. वारा किती हे विचारत बसायचं नाही.

हाच वारा परतीला तोंडावर असतो. हिवाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह मात्र उत्तरेकडे वाहतो. म्हणजे जाताना तो थोडा मागे ओढतो, रोजच्या हिशेबात अर्धा-एक तास जास्त धरा. परतीला होडी गोव्यात ठेवून कोकण रेल्वेनं या, असं मी तरी सांगेन.

मुंबई ते पणजी सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पाच नॉटची चाल धरा, जास्त नाही. आदल्या दिवशी मांडव्याला येऊन थांबा, म्हणजे मुंबई बंदरातली जहाजं अंधारात ओलांडावी लागणार नाहीत. उजाडताच निघा. खांदेरी-उंदेरीच्या बाहेरून जा, मधून घुसू नका. खांदेरीचं दीपगृह १८६७ सालचं आहे, ते लोकांना लांब ठेवायलाच बांधलंय. पहिला मुक्काम जंजिऱ्याच्या पोटात राजपुरीची खाडी. दुसरा दाभोळ, आणि हा दिवस लांब आहे, त्रेचाळीस-पंचेचाळीस मैल. अकरा वाजता नकाशा बघा. साडेतीनच्या आत दाभोळ होत नसेल तर तिथेच बेत बदला आणि हर्णैला, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला थांबा. बेत अकराला बदलायचा, पाचला नाही. पाचला बदललेल्या बेताचं नाव बाणकोट.

जयगड सोपं, खोल आहे, जहाजं जातात-येतात. फक्त त्यांच्या वाटेत नांगर टाकू नका. रत्नागिरीत मिरकरवाड्याला मासेमारी नौकांची दाटी असते. बाहेर थांबून एखाद्या तांडेलाला विचारा आणि तो दाखवेल तिथेच थांबा. विजयदुर्गाला मात्र दोन रात्री काढा. अख्ख्या वाटेवर मला आवडलेली जागा ती. वाघोटनची खाडी खोल, वारा बाहेर राहतो, चिखलात नांगर असा बसतो की सकाळी काढताना कंबर लागते. आत गिर्याला आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे, ती बघा. किल्ल्याला लगटून वळू नका. तिथे पाण्याखाली बांधीव भिंत असल्याचं संशोधकांनी नोंदवलंय. शत्रूच्या जहाजांचे तळ फोडायला ती घातली असं लोक सांगतात. पुढे देवगड जवळच. मालवणला किनाऱ्यालगत खडक फार, तिथला माणूस सोबत घेतल्याशिवाय आत जाऊ नका. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, तेव्हा नांगर पोवळ्यावर नाही, वाळूतच. वेंगुर्ल्याचे खडक बाहेरून टाळा. गोव्याला पोचाल तोवर द्वादशी-त्रयोदशी उजाडलेली असेल, दुपारी ओहोटी. म्हणून मांडवीत घाईनं घुसू नका. आग्वादच्या आडोशाला रात्र काढा आणि सकाळच्या भरतीनं आत जा.

नांगराच्या दोराचं माप विसरलो होतो. भरतीला जेवढं पाणी होईल, त्याच्या पाचपट. आत्ता जेवढं आहे त्याच्या नाही.

वादळापेक्षा या वाटेवर जास्त छळतात ती जाळी. रायगडच्या बाजूला डोलीच्या जाळ्यांचे खांब, पुढे तरंगती जाळी मैलमैल. खूण म्हणजे बांबूला काळं फडकं, नाहीतर तेलाचा रिकामा कॅन, नाहीतर थर्माकोलचा तुकडा. दुपारच्या चकाकीत त्यातलं काही दिसत नाही. म्हणून इंजिन चालू असताना एकानं पुढे नाळेवर बसायचं, पाय आत घेऊन. दोन कॅन दिसले तर मधून जाऊ नका, मधेच जाळं असतं. कडेनं जा, आणि तांडेलानं हात हलवला तर तो दाखवतोय त्या बाजूला वळा. तो नमस्कार करत नसतो.

तरीही कधीतरी जाळ्याचा दोर इंजिनाच्या पंख्यात जाईल. आधी इंजिनाचा आवाज जड होतो, मग 'घुर्र' करून बंद. पुन्हा सुरू करून बघायचा मोह होतो. केलं की नायलॉनचा दोर पंख्याच्या दांड्यावर वितळून घट्ट गोळा होतो, लाखेसारखा. चावी काढून खिशात घाला. पाणी कोमट असतं, उतरायला सोपं वाटतं, पण होडी लाटेवर वरखाली होत असते आणि तिचं बूड डोक्यावर येतं. आधी नांगर टाका. मग एकानं कमरेला दोर बांधून उतरायचं, दुसऱ्यानं वर तो दोर हातात धरून फक्त त्याच्याकडे बघायचं, फोन नाही. दातेरी सुरी लागते, भाजीची नाही चालत. ब्रेड कापायची चालते. कापलेला दोर समुद्रात सोडू नका. आणि जाळं कोणाचं ते कळलं तर पुढच्या बंदरात जाऊन सांगा, नुकसान भरून द्या. त्या माणसाचं शेत आहे ते. आपल्या तुरीत कोणाची जीप घुसली तर आपण काय म्हणतो?

दोघांनी एकच काम करायचं नाही. एक थकेल, तर दुसरा ताजा हवा. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघी नौदलाच्या 'तारिणी'वर २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ ला परत आल्या. वाटेत चार बंदरं घेतली, बाकी सगळं दोघींवर. एक जागी तेव्हा दुसरी झोपणार, याशिवाय दोन माणसांत एवढी वाट होत नाही. तुमची वाट दिवसाची आहे, तरी दुपारी पाळीनं तासभर डोळा लावा. खाडीत शिरताना जो सुकाणूवर असेल त्यानं झोपून घेतलेलं असावं. आणि सुकाणू, इंजिन, नांगर, रेडिओ हे चारही दोघांना आलं पाहिजे. "ते हेच बघतात" असं तू म्हणालीस. ते ऐकून मला काळजी वाटली. हेच पाण्यात पडले तर? गेटवेसमोर एक उशी पाण्यात टाक आणि तू एकटी ती परत आणून दाखव. तीन वेळा आणलीस की मग मांडव्याला निघा. अंधार पडल्यावर दुसऱ्याला उठवल्याशिवाय कोणी बसल्या जागेवरून पुढे जायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. त्यासाठी बादली आहे.

पाणी माणशी रोज ४ लिटर, आणि सगळं एका टाकीत नको. डोक्याला ओला पंचा. जेवणात पहिले दोन दिवस तेलकट काही नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वसमतची केळी, आणि तोंडात सुंठेचा तुकडा. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले हल्लेखोर मासेमारी नौकेतून आले, तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी होडीची चौकशी होते आणि झालीच पाहिजे. होडीची कागदं, ओळखपत्रं वरच ठेवा, आणि कोणी विचारायच्या आधी बंदरात जाऊन नाव सांगा. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, रेडिओवर चॅनल १६. हे तीन आकडे रंगानं होडीच्या आत लिहा. फोन ओला होतो.

हवेचा अंदाज रोज सकाळी बघा, हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा. डिसेंबर शांत असतो. पण फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला कोकणावर आलं, आणि ओखी वादळामुळे ५ डिसेंबर २०१७ ला मुंबईतल्या शाळा बंद होत्या. अरबी समुद्रात काही गोळा होतंय एवढं कळलं तरी जवळच्या खाडीत आत जा आणि बसा. ऑफिसला आत्ताच सांगून ठेवा, की रजा दहा दिवसांची आहे पण चौदा होऊ शकतात. साहेब नाही म्हणाला तर पुढच्या वर्षी जा.

तुझी काकू म्हणते, धपाटे शिळे चालणार नाहीत, मी स्वतः घेऊन येते. हिंगोलीहून जनशताब्दी सुटते, पंचमीच्या दोन दिवस आधी आम्ही मुंबईत असू. तिला होडी लांबून दाखवा. चढली तर उतरायची नाही, आणि तुमची जागा दोघांचीच आहे.